मोर्चाची सावड

आवणी आटोपली की आमच्या जव्हारला मोर्चांचा हंगाम लागतो. पंचांगात तो दिलेला नसतो, पण चुकतही नाही. भात लावून झालेलं असतं, उताराच्या वरकस जमिनीतली नागली मान धरून उभी राहिलेली असते आणि कापणीला अजून अवकाश असतो. हात मोकळे असतात, आणि मोकळ्या हाताची मूठ लवकर वळते. घाटाच्या कडेला काकड्यांचे ढीग मांडून बायका बसलेल्या असतात, उतारांवर तेरडा फुललेला असतो, पावसाचा जोर ओसरून नुसती भुरभुर उरलेली असते. अशा एखाद्या सकाळी बाजारपेठेच्या खालच्या अंगाने आवाज वर चढत येतो. शब्द कळत नाहीत. एक जण काहीतरी ओरडून विचारतो आणि पुष्कळ जण मिळून त्याला उत्तर देतात, एवढंच कळतं. माझं शिलाई मशीन आपोआप थांबतं.

शेजारी मोबाइल दुरुस्तीचं टेबल मांडून बसलेला माझा नवरा मान वर करत नाही. डोळ्याला लावलेलं भिंग तसंच ठेवून विचारतो, "लागला का गळा खाजवायला?"

"ब्लाउज द्यायचाय आज," मी म्हणते आणि मशीनवर पाय ठेवते. पण शिवण वाकडी जाते. गळा खरोखरच खाजत असतो. अळूचं फदफदं नीट शिजलं नाही की खाजतो ना, तसा.

आता मी झेंडे शिवते. निवडणुका आल्या की सगळ्या रंगांची कापडं माझ्याकडे येतात आणि मी ती एकाच सुईने शिवते. कुठल्या रंगाचं कापड धुतल्यावर विटतं, हे मला चांगलं ठाऊक आहे, पण गिऱ्हाईकाला मी ते सांगत नाही. त्याआधी मात्र चार पावसाळे मी संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती होते. आणि लोक कार्यकर्ते का होतात, याबद्दल शहाणी माणसं जे बोलतात ते ऐकलं की मला हसू येतं. अन्यायाची चीड, समाजाचं ऋण, विचारांची बांधिलकी. असतं, हे सगळं असतं. पण ते ताटात भाताच्या ठिकाणी असतं. माणूस जेवायला बसतो तो पुष्कळदा लोणच्यासाठी.

माझं लोणचं सांगते. पोशेऱ्याच्या एका पाड्यावर मी आईबापांची चौथी मुलगी. नाव यमुना. आई मला हाक मारायची तेव्हा आधी थोरलीचं नाव घ्यायची, मग दुसरीचं, मग तिसरीचं, आणि तिथवर येईतो तिला दम लागायचा, म्हणून शेवटी नुसतंच "ए, तू" असं म्हणायची. पाहुणे विचारायचे, "ही कोणाची?" शाळेत गुरुजी विचारायचे, "तू कितवी?" जव्हारच्या कॉलेजात तर कोणी काही विचारायचंच नाही. अशी मी एका पावसाळ्यात मैत्रिणीसोबत मोर्चाला गेले. घोषणा देणाऱ्या बाईचा आवाज बसला होता. माझ्या हातात माइक आला. मी तोंड उघडलं आणि माझा आवाज बाजारपेठेच्या त्या टोकाला आपटून माझ्याकडे परत आला. एवढा मोठा आवाज माझा आहे, हे मला माहीतच नव्हतं. थोड्या वेळाने एक हवालदार वही काढून माझ्यापाशी आला आणि अदबीने म्हणाला, "मॅडम, नाव सांगा."

मॅडम! शिवाय नाव! मी ते सावकाश, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट सांगितलं. तो लिहीत होता तेव्हा वाकून पाहिलंसुद्धा. दुसरी कोणी असती तर पोलिसाने नाव लिहून घेतलं म्हणून घाबरली असती. मी त्या रात्री झोपेत हसत होते, असं मैत्रीण सांगायची.

पोटाच्या भुकेचं निवेदन देता येतं, या भुकेचं देता येत नाही. म्हणून तर संघटनेत आल्यावर मला बरं वाटलं. तिथे सगळे याच भुकेचे होते, फक्त प्रत्येकाची चव निराळी. आमचे वरिष्ठ सुरेशभाऊ. तळमळीचा माणूस, दोन घास कमी खाऊन लोकांसाठी धावणारा. पण साहेबांना निवेदन देतानाच्या फोटोत त्यांचा हात कागदावर नसला, तर त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. कागदाला कोपरे चार. एक साहेबांच्या हातात. उरलेल्या तीन कोपऱ्यांसाठी आम्ही आठजण. सुरेशभाऊ आधीपासूनच दोन बोटांत एक कोपरा घट्ट धरून बसायचे, त्यामुळे आमची सगळी निवेदनं एका कोपऱ्यात चुरगळलेली असत. ऐन तरुणपणी त्यांनी एक रात्र कोठडीत काढली होती. ती रात्र दरवर्षी थोडी थोडी लांबत गेली. मी संघटना सोडली तेव्हा ती आठवड्यापर्यंत आली होती.

मला हसायचं काही कारण नव्हतं. माझी चव होती 'ताई' म्हणवून घेण्याची. खांद्याला खादीची झोळी आली, सकाळी गरम पाण्याच्या गुळण्या आल्या, बोलताना मध्येच थांबून दूर बघण्याची सवय आली. म्हातारे बुवासुद्धा मला ताई म्हणायला लागले. आई तेवढी ऐकेना. ती म्हणायची, "हिला कसली ताई म्हणता? ही माझी चौथी."

ज्या हंगामाबद्दल सांगायला बसले आहे, त्या वर्षी आमच्या पाड्याला साकव हवा होता. पाडा आणि रस्ता यांच्यामध्ये ओहोळ. पावसाळ्यात तो असा फुगतो की शाळा, रेशन, दवाखाना सगळं पलीकडे राहतं आणि आम्ही अलीकडे. मागणी जुनी होती, पण या वेळी माझी होती. माझा पाडा, माझं भाषण. जव्हारच्या कचेरीवर मोठा मोर्चा न्यायचा आणि त्यासाठी गावोगाव बैठका घ्यायच्या, असं ठरलं. मी वांगणी मागून घेतली. सगळ्यात लांबचं, आडवळणाचं गाव. ते उठलं तर नाव होणार होतं.

वावर गावापर्यंत टेम्पो, पुढे चिखल. पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या, त्यांवर मेंदी लावलेली. वांगणीच्या समाजमंदिरात दिवेलागणीला बायका जमल्या. ओल्या लुगड्यांचा आणि चुलीच्या धुराचा वास. मी तासभर बोलले. संविधानापासून सुरुवात करून साकवापर्यंत आले. "आपण झोपलेलो आहोत, जागे व्हा," असं मी म्हणाले, तेव्हा कोपऱ्यातली एक म्हातारी खरोखरच घोरत होती, पण बाकीच्या डोळे न मिटता ऐकत होत्या. कोणी चुळबूळ केली नाही. मी संपवलं आणि दूर बघितलं.

समोर बसलेली जानूबाई, अंगाने आडवी, कपाळावर गोंदण, वांगणीतल्या बायकांची पुढारीण, तिने एकच गोष्ट विचारली. "तुमच्या पाड्यातून किती माणसा येतील?"

"सगळा पाडा," मी छाती काढून म्हणाले.

"मोठी माणसाच का पोरा धरून?"

"सगळे."

"सकाळपास्नं सांजपोत?"

"साहेब भेटेपर्यंत, मावशी."

जानूबाईने मागे वळून बायकांकडे पाहिलं. थोडी कुजबुज झाली. मग ती म्हणाली, "तं आमी पण सगळ्या येव. सांजपोत." एवढे काटेकोर संघटनात्मक प्रश्न मला तोवर कोणी विचारले नव्हते. परतताना बॅटरीच्या उजेडात पाय टाकत मी सोबत आलेल्या सुरेशभाऊंना म्हणाले, "भाऊ, जाणीव आहे इथे."

आणि वांगणी आली. टेम्पो भरभरून आली. मोर्चाची शेपटी बाजारपेठेच्या खाली आणि तोंड कचेरीच्या फाटकाशी. मी टेम्पोवर चढून बोलत होते आणि समोर इतकी शांतता की माझा श्वास मला माइकमधून ऐकू येत होता. टाळ्या मात्र पडत नव्हत्या. हे मला लागलं, पण मग कारण दिसलं. प्रत्येकीच्या हातात काकडी होती. ती शांतता म्हणजे चावण्यातली शांतता होती. नंतर आम्ही शिष्टमंडळ म्हणून आत गेलो, चहा घेतला, साहेब म्हणाले, "पाहणी करायला लावतो." बाहेर येऊन मी ते माइकवर सांगितलं तेव्हा मात्र काकड्या संपल्या होत्या आणि टाळ्यांनी कचेरीची कबुतरं उडाली.

पुढचे दिवस मी जमिनीवर नव्हते. "वांगणी मी उठवली," असं मी भेटेल त्याला सांगत होते. पंचाईत अशी, की सुरेशभाऊही तेच सांगत होते. पहिल्यांदा वांगणीला कोण गेलं, तिथे आधी कोणाची ओळख होती, यावरून आमचं बोलणंच बंद झालं. एकाच खोलीत बसून आम्ही तिसऱ्या माणसाकडून निरोप पाठवायचो. वांगणीतल्या बायका तिकडे रोजच्यासारख्या पहाटे आपल्या आपण उठत होत्या.

मग एका बाजारच्या दिवशी जानूबाई मला जव्हारच्या रस्त्यात भेटली. डोक्यावर पाटी, पाटीत काकड्या. ती उतरवून न ठेवताच म्हणाली, "यमुने, आथा आमचा मोर्चा हाय. येत्या बुधवारी. तुमचा पाडा घेऊन ये."

मला भरून आलं. एका भाषणाने माणसं स्वतः मोर्चा काढायला लागली. "मागणी काय आहे, मावशी?"

"मागणी बघू," ती म्हणाली. "दिवस ठरला हाय."

"मागणीशिवाय कसा मोर्चा काढणार?"

आता ती गोंधळली. मूल शहाणं आहे असं वाटावं आणि त्याने एकदम काहीतरी खुळ्यासारखं विचारावं, तशी माझ्याकडे बघत राहिली. "अगं, तुमचा मोर्चा आमी लावून दिला ना? सगळ्या आलो, सांजपोत राहिलो. आथा तुमी आमचा लावून द्याचा. आवणीला कसा करता तुमी?"

सावड. आमच्याकडे मजूर लावून आवणी करणं कोणालाच परवडत नाही. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या शेतात. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. मी जन्मापासून हे पाहत आले होते, करत आले होते, आणि माझ्या तासाभराच्या भाषणात ते एकदाही आलं नव्हतं. वांगणीच्या बायकांनी मात्र भाषणातून तेवढंच उचललं होतं. पोशेऱ्याला काम आहे, माणसं कमी आहेत, बदल्यात सगळा पाडा येणार आहे. सौदा चांगला होता.

सुरेशभाऊंना सांगितलं तेव्हा आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं, कारण धक्का दोघांनाही सारखाच होता. ते म्हणाले, "मागणीशिवाय मोर्चा? चळवळीच्या इतिहासात असं कधी झालेलं नाही." मग म्हणाले, "म्हणजे वांगणी कोणीच उठवली नाही."

मी पाड्यावर गेले, लोकांना कसं समजवावं याची मनात जुळवाजुळव करत. ओहोळ कमरेइतका होता. घरात शिरले तर आई नागलीची भाकर थापत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "बुधवारी कदी निगायचा हाय?" सगळ्या पाड्याला माहीत होतं. मोर्चा झाला त्याच संध्याकाळी टेम्पोत चढता चढता दोन्ही गावच्या बायकांनी हे बोलून ठेवलं होतं. माहीत नव्हतं ते फक्त नेतृत्वाला.

मी चुलीपाशी बसले. "आये, मग त्या माझ्या भाषणाने नाही आल्या?"

आईने भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि माझा चेहरा बघून थोडी विरघळली असावी. "भाषाण चांगला झाला तुझा," ती म्हणाली. "पण भाषाणासाठी कोण दिवस मोडतं, बाय?"

मला फार लागलं. खोटं कशाला सांगू? मागच्या पडवीत जाऊन मी रडले. साकव होईल का, याची मला तेवढी काळजी नव्हती. हवालदाराने नाव लिहिल्यापासून मी जी कोणीतरी झाले होते, ती राहते की नाही, याची होती. भाषण काढून घेतलं तर खाली उरत होती ती चौथी. बरं, न जावं तर पाड्याचं नाक जाणार, वांगणी पुन्हा कधी येणार नाही आणि साकवही गेला. मी गेले.

बुधवारी पाऊस रिपरिपत होता. एस.टी. स्टँडच्या शेडखाली दोन्ही गावं जमली आणि मागणीचं काम निघालं. मी म्हणाले, "बोला, काय मागायचं?" मग काय विचारता! एक म्हणाली नळ. एक म्हणाली मास्तर. एक म्हणाली रस्ता. एक म्हणाली, भिवंडीला गेलेला नवरा होळीपासून घरी आला नाही, तो मागता येतो का? सुरेशभाऊ म्हणाले, तो विषय या कचेरीच्या कक्षेत येत नाही. जानूबाईने सगळं ऐकून घेतलं आणि फेटाळलं. "या लांबच्या गोष्टी हायेत. सांजपोत मिळल असा काय ते सांगा. उद्या कुर्डू काढायचा हाय भातातला."

मग मागून एक नवी लग्न झालेली मुलगी पदराआडून काहीतरी बोलली. तिच्या शेजारणी फिस्सकन हसल्या. हसू पुढे पुढे सरकत आलं, बायकांनी तोंडात पदर कोंबले.

"खरा बोलली ती," जानूबाई म्हणाली. "मागल्या मोर्चाला आमी सकाळपास्नं पाण्याचा थेंब नाय पिला. काकड्या खाल्ल्या घसा ओला कराया. का? तं जायाचा कठं? कचेरीत बायांसाठी बांधलेला हाय, त्याला कुलूप. भर बाजारात बाईनं बसायचा कठं?" मग माझ्याकडे वळून, रागाने नव्हे, नुसती माहिती म्हणून तिने जोडलं, "तुला काय, तू आत गेली होतीस."

गेले होते. शिष्टमंडळाला आत चहा होता, पंखा होता आणि बोळाच्या टोकाला आतून कडी लागणारं एक दार होतं. टेम्पोवर परत चढताना मी कशी हलकी होते, ते मला आठवलं.

मागणी ठरली. सुरेशभाऊंचे कान लाल झाले. "आपण याला मूलभूत सुविधा म्हणू या," ते म्हणाले. पण बायकांनी सरळ घोषणाच केली, "कुलूप काढा! कुलूप काढा!" आणि मोर्चा निघाला. मी सवयीने माइककडे गेले. जानूबाईने मला दंडाला धरून थांबवलं.

"तू नको. मागल्या वेळी तुझा दिवस धरलाच नाय आमी."

"म्हणजे? मी तर सगळ्यात जास्त राबले!"

"तू बांधावर होतीस," ती म्हणाली. "बांधावर उभा राहून सांगतो त्याचा दिवस धरतात का? चिखलात उतरल त्याचा धरतात. आज रांगेत राहा, म्हंजे धरू."

मी रांगेत राहिले. रांगेतून मोर्चा किती वेगळा दिसतो! खरं तर दिसतच नाही. दिसतो तो पुढच्या बाईचा ओला अंबाडा आणि त्यात खोचलेलं तेरड्याचं फूल. चपलेत चिखल्या चुरचुरतात. शेजारणीचा प्लास्टिकचा कागद आपल्या मानेत पाणी सोडतो. डिझेलचा धूर, भज्यांचा वास, कोणाच्या तरी पिशवीतली सुकट. पुढे काय बोलतायत ते मागे ऐकू येत नाही, नुसती गुणगुण येते. माझी सगळी गाजलेली भाषणं मागच्या निम्म्या मोर्चाने कधी ऐकलीच नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. घोषणा मात्र येत होती. ती शब्द म्हणून येत नव्हती, एका अंगातून दुसऱ्या अंगात शिरत येत होती. माझी पाळी आली की मीही ओरडत होते, आणि माझा आवाज कुठे आपटून परत येतोय का, हे बघायचं राहून जात होतं.

माइक जानूबाईच्या हातात दिला होता. "मना नाय बोलता येत," असं ती तीनदा म्हणाली. मग तिने तोंड उघडलं, आणि तिचा आवाज बाजारपेठेच्या त्या टोकाला आपटून परत आला. मी तिचा चेहरा बघितला. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता. त्यानंतर तिने माइक सोडला नाही. वांगणीचं सगळं काढलं. नळ, मास्तर, भिवंडीचा नवरा. सुरेशभाऊंनी दोनदा हात पुढे केला, दोनदा तिने तो बाजूला सारला. रांगेतल्या बायका खिदळायला लागल्या, "जानू बांधावं चढली गं!"

साहेब बाहेर आले. मागणी ऐकून आधी शिपायाकडे बघायला लागले, मग जमिनीकडे. भला माणूस होता बिचारा. पाहणी करतो असं म्हणायची सोय नव्हती, कारण पाहायचं ते समोरच होतं. किल्ली शोधायला माणूस गेला. किल्ली सापडेना. शेवटी शिपायाने दगड घेतला आणि कुलूप फोडलं. त्यानंतर लागलेली रांग इतकी शिस्तीची होती की बंदोबस्ताच्या पोलिसांनी माना वळवून घेतल्या आणि झाडाखाली जाऊन उभे राहिले. त्या दिवशी निवेदन नव्हतंच, त्यामुळे फोटोला कोपरा नव्हता. सुरेशभाऊ फुटकं कुलूप हातात धरून एकटेच कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिले. इतकं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मी पुन्हा पाहिलं नाही.

संध्याकाळी टेम्पोत चढायच्या आधी जानूबाई पोशेऱ्याची माणसं मोजायला लागली. आवणीच्या संध्याकाळी मोजतात तशीच, एकेकाच्या खांद्याला हात लावत. माझी आई, शेजारची काकू, दोन म्हातारे. हात लावत लावत ती माझ्यापाशी आली. मला वाटलं, वगळून पुढे जाईल. तिचा जाड, ओला हात माझ्या खांद्यावर पडला आणि ती पुढचा आकडा म्हणाली. कोणाची, कितवी, कोणी काही विचारलं नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि पाऊस होता म्हणून बरं झालं. मॅडम म्हटल्यावर मला झोपेत हसू आलं होतं. या वेळी काहीच आलं नाही, फक्त गाढ झोप आली.

साकव पुढे झाला. त्यावर एक पाटी आहे, तिच्यावर भलत्याच माणसाचं नाव आहे. आई रोज त्यावरून जाते आणि त्याच्या कठड्याला गोधड्या वाळत घालते.

आणि आज पुन्हा हा आवाज. नवरा भिंग लावून बसलेला, माझ्या हातात कोणाच्या तरी लग्नाचा ब्लाउज. मोर्चा दुकानासमोर आला. पुढच्या टेम्पोवर जीन्स घातलेली एक मुलगी माइकवर बोलत होती. काय छान बोलत होती! मला हेवा वाटला, अगदी पोटातून वाटला. एकीकडे ती बोलत होती, दुसऱ्या हाताने मोबाइल उंच धरून स्वतःला टिपतही होती. आमच्या वेळी हे असतं तर सुरेशभाऊंचं काय झालं असतं, हा विचार मनात येऊन गेला. मी दारात येऊन उभी राहिले. जरा दिसेल अशी.

मुलीला मी दिसले नाही. रांगेतल्या एका म्हातारीला दिसले. पुढचा दात गेलेला, गोंदण सुरकुत्यांत बुडालेलं, पण अंगाने तशीच आडवी. "यमुने," जानूबाई म्हणाली, "पोशेऱ्याचा एक माणूस कमी हाय. तुमची निम्मी माणसा ठाण्याला बांधकामावर गेली. ये."

"मावशी, मी आता जव्हारची. लग्न होऊन किती वर्षं झाली."

"लगीन झाला म्हून काय? मी पोशेऱ्याचीच धरीन."

माहेरी माझा हिस्सा नाही, रेशन कार्डावर नाव नाही, भाऊबिजेला भाऊ नाही. आणि ही बाई भर रस्त्यात सांगत होती की पोशेऱ्यातून माझं एक माणूस धरता येतं. मी कात्री मशीनवर ठेवली. नवऱ्याने पहिल्यांदा मान वर केली आणि माझी छत्री पुढे केली. कशासाठी मोर्चा आहे हे विचारायचं राहूनच गेलं. ते मला चौकात कळलं. रेशनच्या मशीनवर बायकांचे अंगठे उमटत नव्हते. चिखलात, दगडात, भांड्यांत राबून रेघा झिजल्या होत्या, आणि मशीन म्हणत होतं, हे माणूस ते नव्हेच.

कचेरीच्या फाटकाशी त्या जीन्सवाल्या मुलीला कोणीतरी माझ्याबद्दल सांगितलं असावं. तिने माइकवर जाहीर केलं, "आपल्या भागातल्या जुन्या कार्यकर्त्या यमुनाताई आज आपल्यात आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत, अशी मी विनंती करते."

यमुनाताई. पुऱ्या नावाने, लाउडस्पीकरवर. माझे कान तापले. मी जागची हलले नाही. जानूबाईकडे पाहिलं. ती काकडी सोलत होती.

"जा ना," ती म्हणाली. "पण मंग दिवस धरायचा नाय, ते तुना ठावं हाय."

वाचणाऱ्याला वाटेल की मी हसून मान हलवली आणि रांगेतच राहिले. मलाही तसंच लिहायला आवडलं असतं. पण माइक माझ्या हातात होता आणि माझा आवाज बाजारपेठेच्या त्या टोकाला आपटून परत येत होता. माझ्या आठवणीप्रमाणे मी खरोखर दोन शब्दच बोलले. खाली उतरले तेव्हा मोर्चातल्या काकड्या संपल्या होत्या.

सांजेला टेम्पोशी जानूबाई माणसं मोजत होती. मी लांब उभी होते. आकडा संपला. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला, आणि तिच्या तोंडावर ते ओळखीचं, माइक धरलेल्या दिवसाचं हसू आलं.

"अर्धा धरला तुझा," ती म्हणाली. "रांगेत चालली होतीस ना अर्धी वाट. उरलेला कापणीला येऊन कर."

मी विळा धार लावायला दिला आहे.